पट्टी थांबवायची कशी : क्लॉ आणि माल्टीज क्रॉस, एकाच चौकटीवर

२ जून

कामाची व्याप्ती आधी नोंदवून ठेवतो. ३५ मिमी फिल्मचा, हाताने फिरवायचा प्रोजेक्टर बांधायचा आहे. चौकट, दिवा, भिंग आणि हँडल एकच; फिल्म सरकवणारे संच मात्र दोन, आळीपाळीने बसणारे. संच 'अ' म्हणजे ल्युमिएर बंधूंच्या १८९५ च्या सिनेमॅटोग्राफमधला क्लॉ : छिद्रात शिरून फिल्म खाली ओढणारी आणि रिकामी वर जाणारी दोन नखांची आकडी. संच 'ब' म्हणजे चार खाचांचा माल्टीज क्रॉस : पाव-पाव फेरा घेऊन थांबणारे चाक. बर्लिनच्या ऑस्कर मेस्टरने १८९६ मध्ये तो वापरला आणि पुढे थिएटरांतल्या प्रोजेक्टरांत तोच टिकला.

भिंग, कंडेन्सर (दिव्याचा प्रकाश एकवटणारे भिंग), पडदा, अंधारी खोली हे सगळे मॅजिक लँटर्नवाल्यांकडे आधीपासून होते. कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिकासुद्धा १८९० च्या दशकात काचेवरची चित्रे पडद्यावर हलवत होतीच. एडिसनच्या काइनेटोस्कोपमध्ये (न्यूयॉर्क, १८९४) फिल्मही होती. पण ती अखंड धावे, एकेकट्याने वाकून भोकातून बघायचे, आणि चित्र फिसकटू नये म्हणून शटरची (प्रकाश झाकणाऱ्या-उघडणाऱ्या फिरत्या चकतीची) फट इतकी अरुंद की बहुतेक प्रकाश वाया जाई. डोळा भोकाला लावला तर तेवढ्यावर भागते. पडदा उजळत नाही. पडद्यासाठी प्रत्येक चित्र क्षणभर खरोखर थांबले पाहिजे, आणि तेही छिद्रे न फाटता. या प्रकल्पात पाहायचे ते एवढेच.

५ जून

मापे पक्की केली. फिल्म चार छिद्रांची, म्हणजे एडिसन पद्धतीची. दोन छिद्रांतले अंतर ४.७५ मिमी, म्हणून एक फ्रेम १९ मिमी. ल्युमिएरांच्या फिल्मला प्रत्येक फ्रेममागे दोन्ही कडांना एकेकच गोल छिद्र होते आणि फ्रेम २० मिमीची; तशी फिल्म आज कोणी पाडून देत नाही. त्यामुळे क्लॉची ओढ २० ऐवजी १९ मिमी.

हँडलच्या एका फेऱ्याला ८ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम. ल्युमिएर यंत्राचेच प्रमाण. १:८ साठी दोन टप्पे : ६४ वर २४ आणि ७२ वर २४ दाते, मॉड्यूल (दात्याच्या आकाराचे माप) १. एकाच टप्प्यात आठपट करायला गेलो तर मोठे चाक चौकटीबाहेर येते.

फ्लायव्हील पितळेचे, ९० मिमी व्यासाचे, १२ मिमी जाड. वजन सुमारे ६५० ग्रॅम. ते कॅमच्या (फिरताना क्लॉला वर-खाली ढकलणाऱ्या चकतीच्या) शाफ्टवर, हँडलच्या शाफ्टवर नाही. सेकंदाला १६ फेरे फिरणाऱ्या शाफ्टवर ते खऱ्या अर्थाने काम करते. दोन फेऱ्यांच्या शाफ्टवर तेच वजन नुसते ओझे.

फिल्म अ‍ॅसिटेटची घ्यायची. पॉलिएस्टर नको : अडकली तर फिल्म तुटत नाही, नख वाकते. नायट्रेट कार्यशाळेच्या दारातही आणायची नाही. ती एकदा पेटली की जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, पाण्यात बुडवली तरी विझत नाही.

९ जून

कॅम. संच 'अ' चे अर्धे यश यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ल्युमिएरांच्या १३ फेब्रुवारी १८९५ च्या पेटंटमध्ये क्लॉ चालवायला साधी गोल एक्सेंट्रिक (शाफ्ट मध्याऐवजी बाजूला असलेली चकती) होती. गोल एक्सेंट्रिकवर क्लॉ वर-खाली जाताना टोकाला थांबतच नाही. दिशा बदलते त्या निमिषापुरता वेग शून्य, बस्स. म्हणजे नख छिद्रात शिरताना आणि बाहेर पडताना फिल्मच्या मानाने सरकत असते. नख कडेला घासते, छिद्र लांबट होत जाते. ३० मार्चच्या पुरवणीत तिथे त्रिकोणी कॅम आला, आणि प्रश्न सुटला.

आकृती अशी. १९ मिमी बाजूचा समभुज त्रिकोण. प्रत्येक कोपऱ्याभोवती ४ मिमी त्रिज्येचा कंस; समोरच्या कोपऱ्याला केंद्र धरून १९ + ४ = २३ मिमी त्रिज्येचा कंस. हा आकार कुठूनही मोजला तरी २७ मिमी रुंद भरतो, म्हणून २७ मिमी उंचीच्या आयताकृती खिडकीत तो दोन्ही बाजूंना टेकून फिरतो. स्प्रिंग लागत नाही. शाफ्ट मध्यावर नाही, एका कोपऱ्याच्या केंद्रावर. मग एका फेऱ्यात खिडकीची चाल अशी पडते :

६०° वर स्थिर (नखे आत शिरतात),
१२०° खाली (फिल्म १९ मिमी सरकते),
६०° खाली स्थिर (नखे बाहेर येतात),
१२०° वर (नखे रिकामी परततात).

फिल्म हलते एक तृतीयांश वेळ, उभी राहते दोन तृतीयांश. सेकंदाला १६ फेऱ्यांना ६०° म्हणजे सुमारे १०.४ मिलिसेकंद, नखे आत-बाहेर करणाऱ्या चकतीच्या उतारांना तेवढा वेळ पुरतो.

४ मिमीच्या कोपऱ्यात ५ मिमी शाफ्टचे भोक पाडले तर भिंत दीड मिमीच उरते आणि पाणी देताना, म्हणजे तापवून कठीण करताना, तिथेच तडकते. म्हणून कॅम आणि शाफ्ट ओएचएनएस पोलादाच्या एकाच गजातून काढायचे. कंस मिलिंगवर रोटरी टेबलाने. तिन्ही केंद्रे जिगवर आधी रीम करून, एकेका केंद्रावर पिन बसवून. कानस शेवटी फक्त धार मारायला.

१३ जून

खिडकीची चौकट गनमेटलची. फट ०.०३ मिमी. जास्त ठेवली की एका फेऱ्यात दोनदा टक्-टक् ऐकू येते आणि नखाचा खालचा थांबा हलतो. कमी ठेवली तर थंड असताना गोड चालते, पण वंगण आटून गरम झाले की जाम होते.

नखे २.५ × १.७ मिमी, दोहोंची मध्यांतरे २८.२ मिमी. छिद्राची उंची १.९८ मिमी, म्हणजे मोकळीक ०.२८. जुनी अ‍ॅसिटेट फिल्म आकसलेली असते. एक टक्का आकसली तर फ्रेम १८.८१ मिमीची होते आणि वर गेलेले नख छिद्राच्या मानाने ०.१९ मिमी उंच पोचते; अजून ०.०९ मिमी शिल्लक, जाते कसेबसे. दीड टक्क्याला मोकळीक संपते, नख वरच्या कडेवर आदळते आणि फिल्मला ठोके पडतात. म्हणून यापुढे प्रत्येक जुनी पट्टी यंत्रावर चढवण्याआधी १०० छिद्रांची लांबी मोजायची. ४७५ मिमी भरायला हवी. ४७० च्या खाली असेल तर संच 'अ' वर चालवायची नाही.

१६ जून

गेट, म्हणजे फिल्म प्रकाशासमोर थांबते ती चौकट. पोलादी पट्ट्यांवर फिल्मच्या फक्त कडा टेकतात, चित्राचा भाग मागे-पुढे कशालाच लागत नाही. दाबपट्टीला दोन पानस्प्रिंगा.

दाब किती, हे अंदाजाने ठरवू नये. गेटमध्ये धक्क्याने हलणारी फिल्म सुमारे २० सेंमी, वजन १.३ ग्रॅम. कॅमच्या ओढीच्या सुरुवातीला आणि शेवटी त्वरण गुरुत्वाच्या साधारण २० पट पडते. म्हणजे फिल्मला थांबवायला २५ ग्रॅमची ओढसुद्धा पुरावी. पण फिल्म सपाट नसते. तिला वळण असते, आणि वळण दाबून सपाट केले नाही तर चित्राचा मध्य फोकसबाहेर जातो. स्प्रिंग काट्याला फिल्मचा तुकडा बांधून ओढला. १५० ग्रॅमला सरकेल असे स्क्रू लावले. ८० च्या आसपास ठेवल्यास फिल्म नखाच्या पुढे घसरते आणि चित्र खालीवर थरथरते. ३०० ला छिद्राच्या खालच्या कडेवर बारीक चिरा दिसू लागतात, भिंगाखाली धरल्यावरच.

पावसाळी हवेत इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) मऊ पडते आणि गेटच्या पट्ट्यांवर काळपट खडे साठतात. ते खरवडायला पोलाद वापरायचे नाही. पितळेची किंवा तांब्याची पट्टी. ताज्या प्रिंटच्या कडांना मेणाचा हलका हात दिला की साठणे बरेच कमी होते. पट्ट्यांना रोज सुटताना तेलाचे फडके, नाहीतर सकाळी गंज.

२१ जून

दिवा. दोन व्यवस्था : रोजच्या कामाला ५० वॉटचा एलईडी आणि काचेचे कंडेन्सर, चाचणीसाठी ल्युमिएरांचा पाण्याचा फ्लास्क.

फ्लास्क गोल बुडाचा, ५०० मिली, व्यास सुमारे १०५ मिमी. पाण्याच्या गोळ्याचे नाभीय अंतर केंद्रापासून त्रिज्येच्या दुप्पट, म्हणजे इथे १०५ मिमी. गेट त्या हिशेबाने मागेपुढे करायचे. फ्लास्क एकाच वेळी दोन कामे करतो : प्रकाश गोळा करतो आणि उष्णता अडवतो. ल्युमिएरांच्या विजेच्या आर्क दिव्याच्या उष्णतेने पाणी उकळायला लागे. उकळी हळू यावी, गचके बसून पडद्यावरचा प्रकाश नाचू नये, म्हणून पाण्यात कोकचा तुकडा टांगून ठेवत. आमच्या एलईडीने पाणी जेमतेम कोमट होते, कोकची गरज नाही. या व्यवस्थेत आणखी एक सोय आपोआप मिळते : फ्लास्क फुटला किंवा रिकामा झाला तर प्रकाश एकवटतच नाही, फिल्म वाचते. इतका स्वस्त सुरक्षा-झडप पुढच्या यंत्रांत कुणी ठेवला नाही याचे आश्चर्य वाटते.

याच ठिकाणी एक तारीख नोंदवून ठेवावी : ४ मे १८९७, पॅरिसचा बझार द ला शारिते हा धर्मादाय बाजार. तिथल्या सिनेमाच्या खेळात दिवा आर्कचा नव्हता, ईथर आणि ऑक्सिजनचा होता. दिव्यात ईथर भरताना वाफ पेटली आणि सव्वाशेच्या वर माणसे गेली. दोष यंत्राचा नव्हता, दिव्याचा होता. पण पुढे कितीतरी दिवस लोकांनी सिनेमालाच धोकादायक ठरवले.

२६ जून

संच 'अ' चौकटीवर. भिंग ७५ मिमी, पडदा ५ मीटरवर, चित्र सुमारे दीड मीटर रुंद. म्हणजे ६५ पट. गेटमधली ०.१ मिमीची हालचाल पडद्यावर साडेसहा मिमी. ही एक संख्या भिंतीवर लिहून ठेवावी; कुठे किती बारकाईने काम करायचे याचा वाद त्याने मिटतो.

चित्र स्थिर. क्लॉचा मोठा गुण असा की प्रत्येक फ्रेम त्याच दोन नखांनी त्याच जागी आणून सोडलेली असते. नखाच्या मापात चूक असली तरी ती प्रत्येक फ्रेमला सारखीच, म्हणून डोळ्याला दिसत नाही.

१ जुलै

शटर. क्लॉची ओढ १२०° ची. प्रकाशझोत झाकायला-उघडायला आणखी २०°. एकच पाते १४०° चे, उरतो ६१ टक्के प्रकाश.

जुळवणी बिघडली की तेजस्वी वस्तूंना शेपट्या फुटतात, आणि शेपटीची दिशा दोष सांगते. फिल्म गेटमध्ये उलटी असते व खाली सरकते, म्हणून पडद्यावर चित्र वर सरकते. शटर उशिरा असेल तर झाकण्याआधीच चित्र निघते : शेपटी वर. शटर लवकर असेल तर चित्र पोचण्याआधीच उघडते : शेपटी खाली. काळ्या पट्टीवर सुईने ओरखडलेले पांढरे ठिपके चाचणीला सर्वांत बरे.

लुकलुक मात्र आहेच. सेकंदाला १६ वेळा अंधार म्हणजे डोळ्याला स्पष्ट जाणवणारी फडफड. मॅक्स स्क्लादानोव्स्कीने १ नोव्हेंबर १८९५ ला बर्लिनच्या विंटरगार्टनमध्ये यावर वेगळाच तोडगा दाखवला होता : ५४ मिमीच्या दोन फिल्मपट्ट्या, दोन भिंगे, प्रत्येकी सेकंदाला आठ चित्रे, आळीपाळीने. एक सरकत असताना दुसरी दिसते. कल्पना हुशार, पण दोन पट्ट्या कापायच्या, जुळवायच्या, दोन भिंगे एकाच चौकोनावर आणायची, एवढा खटाटोप गावोगाव कोण करणार? खरा उपाय शटरला जास्त पाती देण्याचा, तो १९०० नंतर रुळला. क्लॉवर दुसरे १४०° चे पाते लावले तर जेमतेम २२ टक्के प्रकाश उरतो. म्हणून पात्यांचा प्रयोग संच 'ब' वर.

७ जुलै

१८९६ साली याच तारखेला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात मारियुस सेस्तिएने ल्युमिएरांचे खेळ दाखवले. यंत्र याच जातीचे, फिल्मा सुमारे १७ मीटरच्या, एकेक पाऊण ते एक मिनिटाची.

१७ मीटरलाच का थांबले, हे संच 'अ' वर लांब फिल्म चढवली की लगेच कळते. १७ मीटरचे भेंडोळे ११० ग्रॅमचे. क्लॉच्या झटक्याबरोबर तेही निमूट फिरते. ३०० मीटरचे रीळ १.९ किलोचे. सेकंदाला १६ वेळा ते झटक्याने फिरवायचे आणि थांबवायचे, आणि सगळा भार छिद्रांच्या एका जोडीवर. साठ-सत्तर मीटरच्या रिळालाच छिद्रे फाटू लागतात.

उत्तर म्हणजे सैल फास. वर एक अखंड फिरणारे दातेरी चाक रिळातून फिल्म ओढते, गेटच्या आधी फिल्मचा लूप मोकळा सोडते. झटका फक्त लूपला बसतो, रिळाला नाही. न्यूयॉर्कच्या लॅथम पितापुत्रांच्या १८९५ च्या यंत्राशी हे नाव जोडले गेले आणि पेटंट १९०२ मध्ये मिळाले. कल्पना नेमकी कुणाची यावर तिथे कोर्टकचेऱ्या झाल्या. आमच्या मते या सगळ्या काळातला सर्वांत मोठा शोध हाच. आणि तो म्हणजे फिल्मचे एक वीतभर वळण, सुटा भाग एकही नाही.

१२ जुलै

संच 'ब' ची मापे. मूळ कल्पना घड्याळजींची : किल्ली प्रमाणाबाहेर फिरू नये म्हणून अशी खाचांची चकती वापरत. लंडनमध्ये रॉबर्ट पॉलने २० फेब्रुवारी १८९६ ला दाखवलेल्या थिएट्रोग्राफ प्रोजेक्टरमध्ये सात टोकांचे चाक होते. आपण चार खाचांचेच करणार.

क्रॉसच्या खाचेत शिरून त्याला फिरवणाऱ्या चालक पिनची त्रिज्या २० मिमी. केंद्रांतर २० × √२ = २८.२८. क्रॉसची त्रिज्या २०. पिन ५ मिमी, खाच ५.०२. कुलूप-चकतीची त्रिज्या १६. पिन ९०° फिरताना क्रॉस पाव फेरा घेतो, उरलेले २७०° चकती त्याला धरून ठेवते. क्रॉसच्या शाफ्टवर १६ दात्यांचे स्प्रॉकेट (फिल्मच्या छिद्रांत बसणारे दातेरी चाक) : पाव फेरा, चार दाते, एक फ्रेम. स्प्रॉकेटचा व्यास हिशेबाने २४.०५ येतो, पण आकसलेल्या फिल्मसाठी २४.००.

केंद्रांतराला एक्सेंट्रिक बुश दिला आहे. ०.०५ मिमी जरी फरक पडला तरी पिन खाचेत सरळ रेषेत शिरत नाही, ठोका मारते, आणि ठोक्याने खाचेचे तोंड झिजते. बुश फिरवून, क्रॉस हाताने हलवून बघत, ठोका थांबेपर्यंत लावायचा. मग कुलूप-चकतीची फट तपासायची, आधी नाही.

२० जुलै

संच 'ब' चालू. पहिले लक्षण : दर चौथ्या फ्रेमला चित्र उडी घेते, सेकंदाला चारदा. चौथी फ्रेम म्हणजे क्रॉसचा किंवा स्प्रॉकेटचा पूर्ण फेरा, दुसरे काही असूच शकत नाही. डायल गेजवर स्प्रॉकेट ०.०४ मिमी बाहेर फिरत होते. खाचांमधल्या कोनातही तेवढीच काळजी लागते : १४ कला (अंशाचे साठावे भाग) चुकल्या की फिल्मवर ०.०५ मिमी, पडद्यावर सव्वातीन मिमी. क्लॉला हा त्रास नव्हता.

उलट बाजू. क्रॉस फिल्मला निम्मी-अधिक घाई करतो. हलण्याचा वेळ पाव फेरा, कमाल वेग सेकंदाला २.९ मीटर (क्लॉचा १.६५), कमाल त्वरण गुरुत्वाच्या ६७ पट. कागदावर क्रॉसच जास्त क्रूर. पण तो ओढतो चार-पाच दात्यांच्या जोड्यांनी. गेटचा दाब २०० ग्रॅम धरूनही एका छिद्रावर सुमारे ०.३५ न्यूटन येतो. क्लॉमध्ये एकाच जोडीवर, म्हणजे एका छिद्रावर ०.९ च्या आसपास. एखादे छिद्र फाटले असेल तर क्लॉ तिथेच अडखळतो. क्रॉस शेजारच्या दात्यांवर भार घेऊन पुढे जातो. तंबूतल्या टुरिंग टॉकीजला दहा गावे फिरून आलेली रिळे मिळत. तिथल्या ऑपरेटरला क्रॉसच का हवा होता, ते या एका आकड्यात आहे.

एक गैरसोय : चार छिद्रांच्या फिल्मला चार जागी बसवता येते, त्यातली एकच बरोबर. बाकी तीनांत पडद्यावर फ्रेमची रेघ दिसते, म्हणून फ्रेमिंगची खुंटी हवीच. ल्युमिएरांच्या एका छिद्राच्या फिल्मला हा प्रश्नच नव्हता.

२४ जुलै

क्रॉसवर तीन पात्यांचे शटर, प्रत्येक पाते ६०°. सेकंदाला ४८ वेळा अंधार, फडफड जवळजवळ गेली. पण ओढ ९०° ची आणि पाते ६०° चे, म्हणजे दोन्ही टोकांना १५° उघडी. तेवढ्या कोनात फिल्म ०.५५ मिमी सरकते आणि ठिपक्यांना फिकट शेपट्या येतात. मुख्य पाते ९०° आणि इतर दोन ४५° केल्यास शेपट्या जातात, पण तीन अंधार सारखे न राहिल्याने थोडी फडफड परत येते. शटर प्रकाशझोत सर्वांत अरुंद असतो त्या जागी नेले तर ७२° ची तीन पाती भागवतात. प्रकाश ४० टक्के उरतो. ५० वॉटला चालून जाईल.

३० जुलै

खालचे रीळ. ल्युमिएर यंत्रात गुंडाळणे नव्हतेच, फिल्म खाली पेटीत पडे. ३०० मीटरला ते शक्य नाही. चामड्याच्या चकतीचा घर्षण-क्लच (ठरावीक ओढीपलीकडे घसरणारा जोड) लावला. क्लचचा पीळ कायम असतो, पण रिळाचा व्यास वाढतो : ५० मिमीच्या गाभ्यावर सुरुवात केली तर शेवटी व्यास २३७ मिमी होतो, म्हणजे सुरुवातीची ओढ शेवटच्या पावणेपाच पट. सुरुवातीला छिद्रे ताणतात, शेवटी फिल्म सैल पडून गेटखाली गोळा होते. गाभा १०० मिमीचा केला की प्रमाण अडीचवर येते. शिसवीचे १०० मिमीचे गाभे लेथवर काढायला दिले आहेत. ते आले की क्लचची स्प्रिंग भरलेल्या रिळावर लावायची, रिकाम्यावर नाही.